बुंधा आतल्या बाजूला

१

रेमाझाचा बैल नाहीसा झाल्याचे कळले तेव्हा तांबडा वारा नुकताच थांबला होता. मारोरोय वस्तीतल्या प्रत्येकाच्या भुवयांवर धूळ साचली होती. ती झटकण्याइतकेही त्राण कोणाच्या हातांत नव्हते.

पावसाने पाठ फिरवल्याचे ते तिसरे वर्ष होते. मादागास्करच्या ह्या दक्षिण टोकाला, आमच्या आंद्रोयमध्ये, अशा काळात एकच पीक उरते, ते म्हणजे फड्या निवडुंग. त्याचीच कुंपणे आम्ही घालतो. त्याचीच फळे, आणि फळे संपली की फडे, उकडून खातो. जाळावर काटे आणि कुसळे जाळून तेच फडे गुरांना घालतो. गुरे मात्र जवळजवळ संपली होती. मारोरोयमध्ये एकच बैल उरला होता, आणि तो एका मेलेल्या माणसाचा होता.

म्हातारा रेमाझा अजून आपल्या घरातच होता. शवपेटी तयार होईपर्यंत आणि सोयरे जमेपर्यंत मृताने घरी थांबायचे, हा आमचा रिवाज आहे. त्याच्या दफनाच्या दिवशी भाल्याने मारायचा म्हणून तो ठिपक्यांचा बैल राखलेला होता. त्याच्यावाचून रेमाझाला पूर्वजांच्या थडग्यात जागा नव्हती. त्या बैलाचे मांस पाहुण्यांसाठी असते. मृताच्या मुलानातवंडांना ते निषिद्ध आहे. आणि दफनाआधी बैल आपल्या मरणाने मेला, तर बापाने तो सांभाळणाऱ्या मुलाला नाकारले असे मानतात. तो मुलगा मग वारस राहत नाही.

बैल सांभाळण्याचे काम थोरल्या मुलाचे, रेत्सिलाकीचे होते. संशय मात्र धाकट्यावर, महातोंबीवर आला होता.

मला बोलावणे आले ते ह्या कारणाने. तोलियाराच्या तंत्रविद्यालयात मी स्थापत्य शिकलो, आणि माझे आयुष्य विहिरी खणण्यात गेले. पण त्या विद्येसाठी कोणी मला बोलावले नव्हते. माझे कुळ आणि त्यांचे कुळ ह्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे नाते आहे. आम्ही एकमेकांना काहीही बोलावे, एकमेकांच्या घरात कुठेही हात घालावा, आणि त्यावर कोणी रागावू नये. जी गोष्ट सख्ख्या माणसाला विचारता येत नाही, ती थट्टेच्या सोयऱ्याला विचारता येते.

"आला बघा, कोरड्या विहिरींचा बाप," मला पाहून कुळाचे वडील त्सिवाहिनी म्हणाले. ते चिंचेखाली बसले होते आणि त्यांच्या शेजारी वाळूत भाला रोवलेला होता.

"तुमचा बैल मीच चोरणार होतो," मी म्हणालो, "पण तुम्ही त्याची नुसती हाडंच शिल्लक ठेवली होती. म्हटलं, एवढ्यासाठी कोण चालत येणार."

दोघेतिघे हसले. त्सिवाहिनी हसले नाहीत.

"लाहिनिरिको, ऊन उतरलं की मी हा भाला उपटणार आणि महातोंबीचं नाव थडग्यातून काढणार. त्याचं आणि त्याच्या पोराचंही. त्याआधी तुला काही सापडलं तर बोल."

आमच्याकडे ह्यापेक्षा मोठी शिक्षा नाही. उपाशी मेलेल्या माणसालाही निदान थडगे असते. थडगे नसलेला माणूस मेल्यावर कोणाचाच नसतो.

"पुरावा काय आहे?" मी विचारले.

त्यांनी हनुवटीने खूण केली. महातोंबी थोडा लांब उकिडवा बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो आणि त्याचे हात उलटे केले. दोन्ही तळव्यांवर खोल, ताजे ओरखडे होते. काही काट्यांची टोके अजून मांसातच मोडलेली होती.

२

वाडगे, म्हणजे बैल कोंडायचे आवार, मी सावकाश, बाहेरून पाहिले. माणसाच्या डोक्याहून उंच निवडुंगाचे दाट कुंपण सगळीकडून सलग होते. बैल जाईल, किंवा वासरू तरी जाईल, अशी फट कुठे नव्हती. आत-बाहेर करायला एकच वाट होती. ती आम्ही शिरीने बंद करतो. शिरी म्हणजे बाभळीच्या जातीचे एक सबंध काटेरी झुडूप, मुळाच्या वर तोडलेले. बुंधा धरायचा, झुडूप वाटेत ओढून घ्यायचे, की काट्यांचा सगळा पिसारा त्या फटीत घट्ट अडकतो. उघडतानाही बुंधाच ओढायचा. तिथेच काय तो काट्यांवाचून हात बसतो.

वाऱ्याने जमिनीवरचे सगळे माग पुसून टाकले होते. शिरी मात्र जड असते. सकाळी जिथे ओढली गेली तिथेच ती वाडग्याबाहेर पडून होती, आणि तिला पुन्हा कोणी हात लावला नव्हता.

मी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. मग महातोंबीला हाक मारली.

"सकाळी ही तू उघडलीस?"

"हो काका. पाळी माझी होती. दादा पेटी करतोय, म्हणून सकाळचं खाणं मी घालतो."

"हात कशानं फाटले?"

"उघडताना."

मागून त्सिवाहिनी म्हणाले, "ऐकलंस? चालायला लागल्यापासून शिऱ्या ओढतोय हा, आणि आज बुंधा कुठे असतो ते विसरला. अरे, कुंपणातून बैल घालवताना फाटले म्हण, निदान खोटं तरी नीट बोल."

महातोंबीने मान खाली घातली. भुकेने माणूस असा होतो. त्याला स्वतःच्या बाजूने बोलायचेही कष्ट वाटतात.

"ह्या कुंपणातून बैल घालवला असता तर ह्याचे हातच काय, नाकसुद्धा उरलं नसतं," मी म्हणालो. "आणि फट कुठे आहे ती मला दाखवा."

"मग वाटेनं नेला असेल."

"वाटेनं नेला असता तर हात कशाला फाटतील?"

मी वाकून शिरीचा पिसारा निरखला. बाहेरच्या टोकाच्या फांद्या मोडल्या होत्या आणि त्यांवर वाळलेले रक्त होते. बुंधा मात्र कोरा होता, आणि त्याचे तोंड वाडग्याकडे होते.

मी त्या वेळी काही बोललो नाही. कारण जे दिसत होते त्याचा अर्थ असा होता, की ती वाट ज्याने शेवटी बंद केली तो आत उभा होता. आणि सकाळी आत कोणीच नव्हते. बैल नव्हता आणि माणूसही नव्हता.

३

मृताची बायको सोआराके घराच्या दाराशी बसली होती. तिथून वाडग्याची वाट समोर दिसते.

"वहिनी, काल तुम्ही पाण्याला गेला नव्हता?"

"नवऱ्याला एकट्याला टाकून?" ती म्हणाली. "सगळी वस्ती टँकरला गेली, उजाडताच. मी आत त्याच्याजवळ होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आत वास सोसेना, म्हणून बाहेर येऊन बसले. ती आजपर्यंत इथंच आहे."

"तुम्ही बाहेर बसल्यापासून वाटेनं कोण गेलं?"

"कोणी नाही. आज सकाळी महातोंबी येईपर्यंत बैल गेला नाही, माणूस गेला नाही. रात्रीसुद्धा मी इथंच आडवी होते. म्हातारीला झोप कुठली? पण हे लोक म्हणतात, तुला डोळा लागला असेल. माझा मुलगा चोर ठरावा म्हणून मला डोळा लागायला हवा."

"मुलांपैकी काल वस्तीत कोण राहिलं होतं?"

"रेत्सिलाकी. पेटीचं काम होतं. तो दुपारी मागच्या बाजूनं आला, माझ्याजवळ बसला, पाणी प्याला. घामानं निथळत होता. म्हटलं, काही खाल्लंस का? तर नुसता हसला."

महातोंबीची बायको वोनेने तीन दगडांच्या चुलीशी होती. तिच्या मांडीवरच्या मुलाचे डोके त्याच्या मानेला जड झालेले होते. मला पाहून ती उठली नाही.

"काका, तुमचं ते मोजमाप लवकर करा. ऊन उतरायला लागलंय."

"चुलीत लाकूड दिसतंय. कुठून आणलंस? मी तर रस्ताभर काडी पाहिली नाही."

"दादांनी दिलं. त्यांच्या वाट्याची मोळीच आणून टाकली परवा. म्हणाले, पोराला फडे नीट उकडून घाल, कच्चं राहिलं तर पोट धरतं. दादांसारखा माणूस नाही." तिने मुलाच्या ओठांवरची माशी हाकलली. "आणि ह्यांना चोर म्हणतात. बैल चोरला असता तर मी हे चिकट पाणी ढवळत बसले असते का?"

तिचे म्हणणे बिनतोड होते. तो बैल मारला गेला असता तर त्याचा वास ह्या वस्तीत लपला नसता.

रेत्सिलाकी घरामागे होता. त्याच्याजवळ पेटीच्या फळ्या कुंपणाला टेकून ओळीने उभ्या होत्या. आमच्याकडच्या त्या उंच, काटेरी, बिनफांद्यांच्या झाडाच्या फळ्या. घरेही त्यांचीच आणि पेट्याही. त्या फळ्यांना पेटी करणाऱ्या मुलाखेरीज कोणी शिवत नाही.

"बैल शेवटचा कधी पाहिलास?" मी विचारले.

"काल संध्याकाळी. खाणं टाकलं, शिरी ओढली, आलो."

"बाहेरून?"

"बाहेरूनच ना काका. मी काय आत झोपतो?" तो हसायला गेला, पण हसू पुरे झाले नाही. "उत्तरेकडचे चोर फिरतायत. त्यांचंच काम आहे हे. मी वडीलधाऱ्यांना सांगतोय केव्हाचा, पण ते माझ्या भावाच्या हातांवरून हटत नाहीत."

तो माझ्याकडे पाहत नव्हता, आपल्या तळव्यांकडे पाहत होता. ते स्वच्छ होते. त्यांवर एकही ओरखडा नव्हता.

मी त्याच्या मागे गेलो आणि एका फळीवर हात ठेवला.

"काका, नको," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "ती बापाची आहे."

"मी थट्टेचा सोयरा आहे. मला चालतं," मी म्हणालो आणि फळी उलटी केली.

४

सगळ्यांना मी वाडग्याच्या वाटेशी बोलावले. रेत्सिलाकीही आला. येणार नाही असे वाटले होते, पण तो आला आणि कुंपणापाशी उभा राहिला.

"दिवसभर तुम्ही एकच विचारताय, बैल कसा गेला," मी सुरुवात केली. "मी दुसरं विचारतो. माणूस कसा गेला? त्सिवाहिनी, ती शिरी बघा. पिसारा तुमच्याकडे आहे, बुंधा वाडग्याकडे. सकाळी महातोंबी बाहेर उभा होता आणि बुंधा आत होता. त्याला काटेच धरून ओढावे लागले. ते रक्त पिसाऱ्याच्या टोकांवर आहे, बुंध्यावर नाही. ज्या हातांवरून तुम्ही त्याला चोर म्हणताय, तेच हात सांगतात की वाट बंद करणारा तो नव्हता."

त्सिवाहिनी खाली वाकले. त्यांनी बोटाने फांदी उचलली आणि पुन्हा ठेवली. "मी सकाळपासून हिच्यावरून चार वेळा गेलो," ते स्वतःशीच म्हणाले.

"आता पुढचं. वाट आतून बंद झाली. मग बंद करणारा बाहेर कसा पडला? म्हातारीनं काल दुपारपासून कोणाला पाहिलं नाही, संध्याकाळी खाणं टाकणाऱ्यालाही नाही, आणि तिला डोळा लागलेला नव्हता. इकडे या." मी त्यांना आत, मागच्या कुंपणापाशी नेले. तिथे वरचे फडे चेंगरलेले होते आणि त्यांतला चीक वाळून चकाकत होता. नुसत्या हातापायांनी चढताना असे होत नाही. तिथे काहीतरी सपाट टेकवून कोणी त्यावरून गेले होते. "फळी. माणूस फळीवरून जाईल. बैल जाणार नाही. म्हणजे माणूस गेला, आणि बैल गेला नाही."

"मग आहे कुठे?" कोणीतरी विचारले.

मी वाडग्याच्या मधल्या खुंटाकडे गेलो. बैल बांधायचा तो जुना खुंट. वर्षानुवर्षे दावे घासून त्याला खोल खाच पडलेली होती.

"दावं बैलाच्या गुडघ्याच्या उंचीला घासतं. ही खाच आज माझ्या घोट्याशी आहे. खुंट खचला म्हणाल तर तो हलत नाही. मग जमीन वर आली आहे. मी आयुष्यभर खड्डे खणले. खणलेली माती परत त्याच खड्ड्यात कधी मावत नाही, आणि तिच्याबरोबर आणखी काही पुरलं असेल तर मुळीच मावत नाही. उरलेली पसरावी लागते. त्यावर शेणाचा भुगा सारखा केलाय, चांगला केलाय. पण खुंट बुटका झाला, त्याला काय करणार?"

ह्या वर्षी, ह्या वस्तीत, कोणी अख्खा बैल जमिनीत पुरेल, हे कोणाच्या मनात येणेच शक्य नव्हते. लोक जुनी कातडी भिजवून चावत होते.

"कोणी का पुरेल?" त्सिवाहिनी म्हणाले. "मांस कोणी का पुरेल, लाहिनिरिको?"

"तो चोरीला गेला असं वाटावं म्हणून. चोरीला गेलेला बैल कुळानं भरून द्यायचा असतो. आपल्या मरणानं मेलेला बैल म्हणजे बापाचा नकार." मी कुंपणाच्या बुडाशी पडलेला एक अर्धवट चावलेला फडा काठीने पुढे ओढला. त्याच्यावरची कुसळे जशीच्या तशी, पिवळी, उभी होती. "हा जाळावर धरलेला नाही. असे फडे पोटात गेले की बैलाचं तोंड आणि आतडी सुजतात. उपाशी जनावर तरीही खातं. जाळायला लाकूड नव्हतं, कारण लाकूड दुसरीकडे दिलेलं होतं."

वोनेनेने मुलाला छातीशी आवळले. मी नाव घेण्याआधीच तिला कळले होते.

"एकट्या माणसाला बैल ढकलता येत नाही. तरफ लागते. पेटीच्या एका फळीच्या टोकाला शेणमाती आहे, मधे ती तडकली आहे, आणि एका अंगाला निवडुंगाचा चीक आणि कुसळे रुतलेली आहेत. ती फळी कोणी पाहणार नाही, कारण तिला कोणी शिवत नाही. म्हणूनच ती घेतली. आणि त्या फळ्यांना शिवणारा ह्या वस्तीत एकच माणूस आहे."

रेत्सिलाकी खाली बसला.

"काल सकाळी," तो म्हणाला, "सगळे गेल्यावर. तोंडाला फेस होता. मी त्याच्या तोंडात हात घालून कुसळे काढत होतो, काढत होतो. मग तो आडवाच झाला. शिरी आतून ओढली, म्हटलं कोणी बघायला नको. खड्डा भरून झाला, तर आई दारात येऊन बसलेली." तो थांबला. "मला वाटलं उत्तरेच्या चोरांवर जाईल. भावाचे हात... ते मला सुचलंच नाही. बुंधा आत राहिला हे मला सुचलंच नाही."

"आणि सकाळपासून?" त्सिवाहिनींनी विचारले. "सकाळपासून तर सुचत होतं ना?"



५

त्यांनी बैल उकरून काढला. दुसऱ्या कोणत्याही वर्षी आम्ही नाक धरून लांब उभे राहिलो असतो. त्या दुपारी बायका भांडी घेऊन आधीच येऊन उभ्या होत्या आणि एकमेकींकडे पाहत नव्हत्या. त्सिवाहिनींनी पोटावर हात ठेवून पाहिले आणि म्हणाले, हा दफनासाठी मारलेला नाही, तेव्हा हा कोणालाच निषिद्ध नाही. मांडीचे मांस आहे तेवढे घ्या, आणि पुष्कळ उकळा. महातोंबीच्या पोरालाही द्या.

बैल ओढून चिंचेखाली नेला. सगळी माणसे त्याच्यामागून गेली. जाताना मला मागे काहीतरी सरपटल्याचा आवाज आला. वळून पाहिले तो वाडग्याची वाट बंद होत होती. काट्यांचा पिसारा फटीत घट्ट बसला. बुंधा आतल्या बाजूला होता.

"राहू दे त्याला," त्सिवाहिनी म्हणाले. त्यांनी भाला हातात घेतला होता. "त्यानं स्वतःच दार लावून घेतलंय. मला फक्त थडग्यातून त्याचं नाव काढायचं उरलंय."

"दोन घटका थांबा," महातोंबी म्हणाला.

मी आल्यापासून त्याने आपण होऊन काही म्हटल्याचे ऐकले नव्हते. वोनेनेने त्याच्याकडे पाहिले. चुलीतले लाकूड अजून जळत होते. तो वाडग्यापाशी गेला.

"दादा, उघड."

तो पिसाऱ्याला अगदी लागून उभा राहिला.

"मी बाहेरून उघडू शकत नाही, तुला माहितीये."

तरीही आत काही हालले नाही. तेव्हा महातोंबीने ते फाटलेले हात पुढे केले, पिसाऱ्यात कोपरांपर्यंत घातले, आणि मुठी आवळल्या. तो ओढू लागला. शिरी जागची हलेना. त्याच्या अंगात ताकद नव्हती आणि काटे पुन्हा त्याच जखमांत शिरत होते. त्याच्या मनगटांवरून रक्त कोपरांकडे वाहू लागले. मी पुढे होणार होतो, पण त्सिवाहिनींनी माझा दंड धरला.

"हात सोड," आतून रेत्सिलाकी ओरडला. "महातोंबी, हात सोड."

"पेटीच्या फळ्या जोडायच्या राहिल्यात," महातोंबी दातांवर दात ठेवून म्हणाला. "मला जोडता येत नाहीत."

मग आतून बुंधा उचलला गेल्याचे दिसले आणि शिरी बाहेरच्या बाजूला ढकलली जाऊ लागली. एक आतून ढकलत होता आणि एक बाहेरून ओढत होता.

त्सिवाहिनींनी भाला खाली ठेवला, वाळूत आडवा.